वसुंधराबाईंची चक्कर आणि घरचे धन्वंतरी

पनवेलच्या वसुंधराबाईंना चक्कर यायला लागली आणि घरात डॉक्टरांना तोटा उरला नाही.

सकाळी अंघोळ करून बाहेर आल्या की डोकं गरगरायचं, उलटी व्हायची आणि मग दुपारपर्यंत झापड. त्यांचे यजमान उदयसिंह बँकेतून मॅनेजर म्हणून निवृत्त झालेले, म्हणजे सर्वज्ञच. त्यांनी पित्ताचं निदान करून कोकम सरबत सुरू केलं. उलव्याहून नणंद आशालता आल्या. त्यांनी मानेचे मणके ठरवले आणि जाताना दृष्टही काढली. मणक्यांनाही लागत असेल, कुणी सांगावं! पुण्याहून लेक निनाद फोनवर म्हणाला, "आई, तू स्ट्रेस फार घेतेस."

वसुंधराबाईंनी सरबत प्यायलं, मानेला पट्टा बांधला, स्ट्रेस घेणं सोडलं. चक्कर हटेना.

"मी दवाखान्यात जाऊन येते."

"पित्तासाठी? डॉक्टर हसेल तुला," उदयसिंह म्हणाले.

त्याच आठवड्यात रविवारी उदयसिंह निवांत अंघोळीला गेले. आतलं गाणं मध्येच थांबलं आणि धप्पकन आवाज आला. कडी लावायची सवय नव्हती म्हणून वाचले. बाईंनी दार ढकललं, काखेत हात घालून त्यांना हॉलमध्ये ओढत आणलं, पंचा गुंडाळला. उदयसिंहांनी डोळे उघडले आणि भडभडून ओकले. शेजारच्या जमालभाईंनी गाडी काढली.

"दोघांनाही? आणि अंघोळीच्याच वेळी?" डॉक्टरांनी विचारलं. "बाथरूममध्ये गॅसचा गिझर आहे?"

"आहे."

"खिडकी?"

"होती," वसुंधराबाई म्हणाल्या. "ट्रकची धूळ येते म्हणून यांनी प्लायवूड ठोकून बंद केली."

डॉक्टर हसले नाहीत. बंद जागेत गिझरचा गॅस जळला की कार्बन मोनॉक्साइड साचतो, त्याला ना वास ना रंग. अजून थोडा उशीर झाला असता तर प्राणावर बेतलं असतं, असं त्यांनी बजावलं. गिझर बाहेर बसवेपर्यंत वापरायचा नाही. दोघांचं रक्त तपासलं, दोघांना ऑक्सिजन लावला.

बाई पडून राहिल्या. इतके दिवस आपण आपल्याच डोक्याला बोल लावत होतो, याचा त्यांना संताप आला.

संध्याकाळी आशालता भेटायला आल्या. उदयसिंहांनी लगेच मास्क खाली ओढला. "मला पहिल्यापासून गॅसचाच संशय होता—"

वसुंधराबाई शेजारच्या खाटेवरून उठल्या आणि मास्क त्यांच्या तोंडावर घट्ट बसवला.

"बोलायचं नाही. डॉक्टरांनी सांगितलंय."

डॉक्टरांनी असं काहीही सांगितलेलं नव्हतं.