पेपरात जे नव्हतं

आमच्या गावाला नदी फुकट देते त्या दोनच गोष्टी: मासे आणि बेवारस प्रेतं. मासे बाजारात जातात, प्रेतं गावकरी दत्तक घेतात. थडगं रंगवायचं, मनाला येईल ते नाव द्यायचं आणि दर सोमवारी त्यावर तीनदा टकटक करून काहीतरी मागायचं. लॉटरीचा आकडा मागणारेच फार. नुसती शांती मागणारा मला अजून भेटायचाय.

माझी घरमालकीण नेरेइदा हिनं मात्र नवऱ्याचंच नाव देऊन टाकलं. अर्नुल्फोची होडी बुडाली, तो काही सापडला नाही. पुढे नदीनं दुसरंच कुणीतरी आणलं, तर बाईनं त्यालाच अर्नुल्फो केलं. दर सोमवारी टकटक करून ती त्याला होडी बुडाल्याची पेपरातली बातमी वाचून दाखवायची, वरचा फोटोही दाखवायची. म्हणायची, "आपण कोण, हे विसरायला नको त्यानं."

मी शाळेत गणित शिकवतो. शेजारच्या वर्गात फाबियोलाबाई पोरांना बातम्या तपासायला शिकवतात. कोण सांगतंय? त्याला कसं कळलं? काय गाळलंय? फळीच्या भिंतीतून ऐकून ऐकून मलाही पाठ झालंय. एकदा त्यांनी नेमकी तीच बातमी घेतली. नेरेइदाची मुलगी यादिरा उठली.

"बाई, इथं लिहिलंय, कुणीच जिवंत राहिलं नाही. मग 'अर्नुल्फो शेवटपर्यंत वल्ही मारत गात होता', हे ऐकलं कुणी?"

"शाबास! तुला काय वाटतं?"

"एकतर पेपरवाल्यानं रचलं. नाहीतर कुणीतरी जगलंय."

पोरीनं अर्थातच दुसरं उत्तर धरलं. घरी येऊन म्हणाली, "आई, थडग्यावरचं नाव पूस. बाबा येतील."

"हेच शिकवतात का तुझ्या बाई? आईला खोटं पाडायला?"

सोमवारी भर दुपारी आम्ही जेवायला बसलो आणि दारावर टकटक झाली. तीनदा.

दारात अर्नुल्फो. बाहेर रणरणतं ऊन, सदरा मात्र ओलाचिंब. चेहरा पेपरातल्या फोटोतला, लग्नाच्या वेळचा, तरणा. यादिरा धावली आणि मध्येच थबकली.

तो बसला आणि सांगू लागला. वळणावर पाणी उसळलं. अर्नुल्फो शेवटपर्यंत वल्ही मारत गात होता. यादिराचे ओठ त्याच्या बरोबरीनं हलत होते. शब्द न् शब्द बातमीतला.

"कोणतं गाणं, बाबा?"

तो पुन्हा पहिल्यापासून सांगू लागला. वळणावर पाणी उसळलं.

"डावा हात दाखवा."

त्यानं हात टेबलावर ठेवला. अर्नुल्फोच्या त्या हाताची दोन बोटं करवतीनं नेलेली, सगळ्या गावाला ठाऊक. आकडेमोड माझा धंदा, तरी मी दोनदा मोजली. पाच.

"आई, बोटं बघ!"

नेरेइदानं बघितली. मग रश्श्यातलं माशाचं डोकं, अर्नुल्फोचा ठरलेला वाटा, सावकाश त्याच्या ताटलीत वाढलं.

"त्याला कशाला टोचतेस?" ती म्हणाली. "पेपरात नव्हतंच ते. मीच सांगायची राहिले."