जहाजाचं घड्याळ, आजोबांचं अंगण

केझाया दहाच्या ठोक्यापासून धक्क्याच्या फाटकाशी उभी होती आणि आता अकरा वाजत आले तरी मावशीचा पत्ता नव्हता. 'बरोब्बर दहाला बाहेर येते,' असं मावशीनेच कळवलं होतं. परदेशात राहणारी माणसं म्हणे फार वेळेची पक्की! केझायाने मनातल्या मनात त्या पक्केपणाला तीनदा नावं ठेवली.

समोर ते पांढरंशुभ्र जहाज सेंट जॉर्जेस शहराच्या डोक्यावर असं येऊन उभं राहिलं होतं, की धक्क्यालगतच्या अर्ध्या घरांवर ऊनच पडत नव्हतं. बारा मजले! केझायाची शाळा तीन मजल्यांची, तरी मुख्याध्यापिका केवढ्या तोऱ्यात असतात.

"काय गं, सुट्टीत जहाजं मोजतेस काय?" टॅक्सीवाल्यांचा म्होरक्या टॉलमन हाक मारत आला.

"आधी गुड मॉर्निंग म्हणा. मग विचारा."

टॉलमनने टोपी काढून कमरेत वाकून दाखवलं. "गुड मॉर्निंग, राणीसरकार!"

"गुड मॉर्निंग. माझी मावशी येतेय कॅनडाहून. नवरा आणि मुलगी घेऊन. मी त्यांना बेट दाखवणार."

"कशातून? माझी गाडी घे, गार हवेची."

"पाच नंबरची बस घेणार."

टॉलमन इतका हसला की बाकीचे टॅक्सीवाले बघायला लागले. "जहाजाची माणसं पाच नंबरमध्ये? पोरी, चारला जहाज दार लावतं. ते कुणाच्या मावशीसाठी थांबत नाही. संध्याकाळी इथेच रडत बसशील तू."

"बघाच तुम्ही," केझाया म्हणाली. मनातून ती टरकली होती, पण मनातलं कुणाला दिसत नाही, हे पंधराव्या वर्षी तिला नुकतंच कळलं होतं आणि त्याचा ती पुरेपूर फायदा घेत होती.

पाच नंबर म्हणजे ग्वावची बस. ग्वावला, किनाऱ्यावरच्या कोळ्यांच्या गावात, आजोबा राहायचे. आणि गोम नेमकी तिथेच होती.

मार्वामावशी अकरा वर्षांपूर्वी आजीच्या मयताला आली नव्हती. फोन नाही, कारण नाही, काही नाही. त्या दिवसापासून आजोबांनी तिचं नाव टाकलं. ती जहाजाने सहा तासांसाठी येतेय हे कळलं, तेव्हा केझायाच्या आईने भीतभीतच विचारलं होतं, "बाबा, धक्क्यावर याल का भेटायला?" आजोबा जाळं शिवत होते. वर न बघता म्हणाले, "माझ्या लेकीसाठी मी कुणाच्या फाटकावर उभा राहणार नाही. तिला घर माहीत आहे."

त्यावर आईने फर्मान काढलं. "केझाया, त्यांना समुद्रावर ने, पोहू दे, परत सोड. ग्वावचं नाव काढायचं नाही. भरल्या गल्लीत तमाशा नको मला." आई इस्पितळात परिचारिका. तिला रजा नव्हती, नाहीतर तिने लेकीवर पहाराच ठेवला असता.

पण प्रत्येक सुट्टी ग्वावला काढणाऱ्या केझायाला एक गोष्ट माहीत होती, जी आईला माहीत नव्हती. एखादं मोठं जहाज किनाऱ्याने वर निघालं की आजोबा सुई खाली ठेवून वाळूपर्यंत चालत जायचे. जहाज दिसेनासं होईपर्यंत उभे राहायचे. विचारलं तर म्हणायचे, "हवा बघत होतो." हवा! चाळीस वर्षं मासे धरलेल्या माणसाला हवा अंगणातून कळत नाही होय?

"केझाया! अगं केवढी झालीस!"

मावशी आली. उंच, नवी कोरी हॅट, डोळे मात्र थेट आईचे. मागे कॉलिनकाका, कपाटाएवढा रुंद आणि आताच टोमॅटोसारखा लाल. आणि नऊ वर्षांची एस्मे, सगळीकडे एकदमच बघणारी.

"बघ, बरोब्बर दहा!" मावशीने मनगट पुढे केलं.

केझायाने ओठ चावला. तासभर उशिरा यायचं आणि वर बरोब्बर म्हणायचं! पण पाहुण्यांशी पहिल्याच वाक्यात भांडायचं नाही, एवढं घरचं वळण तिला होतं. नेमकी तिथेच ती चुकली, पण ते पुढे कळलं.

बसतळावर तिने सरळ सांगून टाकलं. "मावशी, एक नंबर समुद्रावर जाते. पाच नंबर ग्वावला. आई म्हणाली एक. मी म्हणते पाच."

मावशीचा चेहरा उतरला. "ते दार उघडणार नाहीत गं."

"दार कोण वाजवतंय? दिवसभर अंगणात तर बसलेले असतात."

"आणि बोलले नाहीत तर?"

"बोलावंच लागेल! ग्वावमध्ये कुणी गुड मॉर्निंग म्हटलं आणि उत्तर दिलं नाही, असं कधी झालंय? आजोबांचं आणि शेजारच्या सिल्बर्टचं बकरीवरून सहा वर्षं भांडण चाललंय. कोर्टात गेलंय! तरी रोज सकाळी कुंपणापाशी 'गुड मॉर्निंग, एल्रिक', 'गुड मॉर्निंग, सिल्बर्ट' होतंच. मग बकरी. तू फक्त गुड मॉर्निंग म्हण. पुढचं त्यांच्यावर सोड."

मावशीने पाच नंबरकडे नुसतं बघितलं. एस्मेने मात्र विचारलं, "त्या आजोबांकडे बकरी आहे?"

"बकरीच्या वाटणीचा खटला आहे," केझाया म्हणाली.

"मला बघायचाय," एस्मे म्हणाली आणि पाच नंबरकडे चालायलाही लागली. तिच्या मागे काका, आणि काकांच्या मागे, कुणीतरी ढकलल्यासारखी, मावशी.

बसच्या काचेवर लाल अक्षरांत रंगवलं होतं: 'ज्याला राग यायचाय त्याला येवो'. गाणं असं दणाणत होतं की खिडक्या थरथरत होत्या. मावशी चढली, वाकली आणि एक शब्द न बोलता जागा शोधू लागली.

बसमधल्या सगळ्या माना तिच्याकडे वळल्या. ड्रायव्हरने गाण्याचा आवाजसुद्धा कमी केला.

"कोंबड्या चढल्या वाटतं," मागच्या बाकावरून मिस आयोना म्हणाल्या. बाजारात मासे विकून त्या रिकामी परात मांडीवर घेऊन बसल्या होत्या. "माणसं चढली असती तर काही बोलली असती."

मावशीच्या कानापर्यंत लाली चढली. "गुड मॉर्निंग," ती पुटपुटली.

"गुड मॉर्निंग!" अख्खी बस एका सुरात गरजली. एस्मेला ते इतकं आवडलं की तिने पुन्हा म्हणून पाहिलं, आणि बसने पुन्हा उत्तर दिलं.

बस भरल्याशिवाय हलत नाही, आणि भरली म्हणजे काय हे ड्रायव्हर ठरवतो. चारजणांच्या बाकावर काकांना धरून पाचजण. "जरा आकसून बसा, साहेब," ड्रायव्हर म्हणाला.

"हा आकसलेलाच आहे!" मावशी हसत म्हणाली, आणि तिच्या बोलण्यातला कॅनडा तिथल्या तिथे गळून पडला. ग्वावच्या मुलीसारखी बोलली ती. मिस आयोनांनी मान लांब केली.

"एल्रिकची मार्वा ना तू?"

"हो, मिस आयोना."

"हं." परातीवर बोटं वाजली. "उशीर केलास."

ड्रायव्हरने दार ओढून घेतलं. बस समुद्राच्या कडेने वळणं घेत सुटली. प्रत्येक वळणाला काका सगळ्या बाकाला खिडकीकडे दाबत होते, आणि मावशी बाहेर बघत होती. एखादं झाड जागेवर आहे की नाही हे मोजत असल्यासारखी. केझाया वेळेची गणितं करत होती. चारला जहाज, म्हणजे सव्वादोनला ग्वावहून निघायचं, कारण बस भरायला अर्धा तास जाणार. हातात जेमतेम दीड-पावणेदोन तास. पुरेल. पुरायलाच हवं!

ग्वावच्या चर्चपाशी तिने छतावर दोनदा टकटक केली. बस थांबली.

आजोबा अंगणात होते. पाठ रस्त्याकडे, मांडीवर जाळं, हातात सुई. चौघांची पावलं वाजली तरी पाठ हलली नाही. पण सुई थांबली. केझायाने ते पाहिलं.

तिने मावशीला कोपराने ढोसलं.

मावशीने हॅट काढली. "गुड मॉर्निंग, बाबा."

काहीच नाही.

सिल्बर्ट कुंपणावर येऊन उभा राहिला. बकरीही आली. सुई पुन्हा चालू झाली. वर, खाली, गाठ. मावशीने हॅट परत डोक्यावर ठेवली आणि एस्मेचा हात धरला. "चल," ती म्हणाली. ती फाटकाकडे वळली.

"थांब!" केझाया म्हणाली. एवढ्या जोरात, की बकरी मागे सरली. आजोबांपुढे आवाज चढवणारं त्या घरात आजवर कुणी जन्मलं नव्हतं. ती जाळं ओलांडून थेट आजोबांच्या समोर जाऊन उभी राहिली.

"आजोबा, तुम्ही उत्तर दिलं नाही! सिल्बर्टला देता. वसुलीवाल्याला देता. चोर आला तरी त्यालाही द्याल! मला चार वर्षांची असताना अर्धा तास या पायरीवर उभं केलंत, पोस्टमनला उत्तर दिलं नाही म्हणून. आणि आज? तुमचीच शिस्त, आणि मोडायची तुम्हीच?"

"बरोबर बोलते पोरगी," कुंपणावरून सिल्बर्ट म्हणाला.

"तू बकरी सांभाळ," आजोबा म्हणाले. मग त्यांनी सुई जाळ्यात खोचली आणि केझायाकडे रोखून पाहिलं. "मॉर्निंग कुठली? बाराची घंटा होऊन अर्धा तास झाला. नसलेल्या सकाळला मी काय उत्तर देऊ?"

"बाबा, साडेअकरा वाजलेत!" मावशी मागून बोलली. अकरा वर्षांनी बापाशी बोललेलं हे तिचं दुसरं वाक्य, आणि तेही भांडणाचं. तिने येऊन मनगट पुढे केलं. "हे बघा."

आजोबांनी घड्याळाकडे पाहिलं. मग आकाशाकडे. "हे कुणाचं घड्याळ?"

"माझं... म्हणजे जहाजाचं. जहाजावर सगळ्यांनी त्यांचीच वेळ लावायची असते. निघालो तिथली."

"आणि बेटाची?"

मावशीने घड्याळाची काच बोटाने पुसली. काकांनी मात्र कपाळावर हात मारला. बसमध्ये दबून गेल्यापासून पहिल्यांदाच ते बोलले. "एक तास! आपण सकाळपासून एक तास मागे आहोत!"

केझायाच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. मावशी उशिरा आलीच नव्हती! आणि चार म्हणजे चार नव्हतेच. जहाजाचे चार म्हणजे ग्वावचे पाच. तिने नाचायचं तेवढं बाकी ठेवलं.

आजोबा उठले. उठल्यावर ते मावशीपेक्षा बुटके होते, हे दोघांनाही नवीन होतं.

"या अंगणात जहाजाचं घड्याळ चालत नाही," ते म्हणाले. "या अंगणात दुपार आहे."

मावशीने घड्याळ मनगटावरून काढलं, बाजूची चावी ओढली आणि काटा एक तास पुढे फिरवला. काटा पहिल्यांदा जास्तच पुढे गेला, म्हणून पुन्हा मागे आणला. मग ती ताठ उभी राहिली.

"गुड आफ्टरनून, बाबा."

"गुड आफ्टरनून, मार्वा." आणि लगेच, श्वासही न घेता, "अकरा वर्षं कुठे होतीस?"

"कागद नव्हते, बाबा. तिथे राहायचे कागद. आईच्या वेळी इकडे आले असते तर परत आत घेतलं नसतं त्यांनी. मी सगळ्यांना सांगून बसले होते की कागद झाले, सगळं झालं. लाज वाटली."

"कागद नव्हते तर 'कागद नाहीत' म्हणायचं होतंस. आई गेल्यावर बापाला लाजायचं?"

"हो. चुकले."

"चुकलीसच." आजोबांनी नाक ओढलं. "मीही फोन केला नाही. तेही चुकलंच. आता जेवून जा. नीरफणस उतरवलेला आहे."

"किती वेळ लागेल?" काकांनी घाबरत विचारलं.

"नीरफणसाचं ऑइल डाउन आहे. नारळाचं दूध आटून तेल तळाला बसलं की झालं. ते घड्याळ बघत नाही."

दोन तास लागले. केझायाच्या जुन्या हिशेबाने ते जमलंच नसतं. नव्या हिशेबाने नीट जमलं. सिल्बर्टने कुंपणावरून खारवलेलं डुकराचं मांस दिलं आणि दिल्याबरोबर बकरीचा विषय काढला. एस्मेने दोन्ही बाजू ऐकून निकाल दिला की बकरीलाच विचारा. काकांनी तीनदा वाढून घेतलं. मावशी जाळ्याशेजारी जमिनीवर बसली आणि एक फाटलेली गाठ, कुणी न सांगता, शिवू लागली. आजोबांनी ती पाहिली, उसवली आणि म्हणाले, "पुन्हा." तिने पुन्हा शिवली.

निघताना आजोबा फाटकापर्यंतच आले. "धक्क्यावर मी येणार नाही," ते म्हणाले. "पुढच्या वेळी विमानाने ये. घरात झोप. सहा तास म्हणजे काय येणं झालं?"

"येईन."

"सांगू नकोस. ये."

तीच बस परत आली. मावशी चढली आणि सगळ्यांच्या आधी, खणखणीत, म्हणाली, "गुड आफ्टरनून!" बस गरजली. मिस आयोना बसमध्ये नव्हत्या, पण त्यांच्यापर्यंत हे पोचणारच होतं.

धक्क्यावर चार वाजून वीस मिनिटं झाली होती. टॉलमन हात चोळत पुढे आला. "लागलं ना दार? सांगितलं नव्हतं? चार कधीच वाजले, आता मारा उड्या पाण्यात!" मग त्याने मान वळवली. बारा मजले जागच्या जागी उभे होते, शिडी खाली होती, दार उघडं होतं.

मावशीने केझायाला घट्ट मिठी मारली. घड्याळ तिने बदललं नाही. "जहाजावर जेवायला तासभर आधीच पोचशील तू," काका म्हणाले. "पोचेन," ती म्हणाली, आणि बापाची वेळ मनगटावर घेऊन शिडी चढून गेली.

केझायाचा फोन वाजला. आई. "कुठे होतात? समुद्रावर मी माणूस पाठवला होता, तिथे कुणी नाही! ग्वावला गेलीस ना? मी तुला काय सांगितलं होतं?"

जहाजाचा भोंगा झाला. पाचला सुटलं की ते ग्वावच्या किनाऱ्यावरून वर जाणार होतं, आणि तिथे वाळूवर कुणीतरी हवा बघायला उभं राहणार होतं.

"आई," केझाया म्हणाली, "आधी गुड आफ्टरनून म्हण. मग ओरड."