पत्ता कुठला?

"तुम्ही कुठले?" या प्रश्नाचा अर्थ आम्हा नागपूरच्या आंबेडकरी घरांतल्या पोरींना बरोबर कळतो. विचारणाऱ्याला गाव नको असतं, जात हवी असते. अमेरिकेत जर्सी सिटीत दहा वर्षं झाली, इथे तोच प्रश्न झिप कोड, म्हणजे पिनकोड, विचारून करतात.

आमच्या बिल्डिंगची दुरुस्ती बघणारा आयझाया पन्नाशीचा काळा माणूस. पाठीच्या ऑपरेशननंतर दिलेल्या वेदनाशामक गोळ्यांचं त्याला व्यसन लागलं. त्याचा भाऊ तर रस्त्यावर विकत घेतलेली भेसळीची गोळी खाऊनच गेला. सोमवारी माझा नळ बसवताना आयझाया म्हणाला, सोडायचंय, पण डॉक्टर मिळत नाही. चौदाव्या मजल्यावरच्या गोऱ्या मुलाला मात्र दोन दिवसांत मिळाला होता. तो घरी बसून व्यसन सोडवायचं औषध घेतो.

मी त्या मुलाच्याच दवाखान्यात फोन लावला. बाई गोड बोलली, बुधवार दिला. मग पेशंटचा पत्ता विचारला. ग्रीनव्हिल, म्हणजे इथली काळ्यांची वस्ती, म्हटल्याबरोबर बुधवार भरला. म्हणे सहा आठवडे थांबा, नाहीतर रोज सकाळी सहाला लाइनीत उभं राहून औषध घ्यायचं केंद्र आहे. सहालाच आयझायाची ड्युटी सुरू होते. माझं डोकंच फिरलं.

मग मी घरचीच युक्ती काढली. माझ्या बाबांनी, भानुदासांनी, पुण्यात भाड्याची खोली मिळवताना आडनाव गिळलं होतं. मी आयझायाचा पत्ता गिळला. दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन करून माझा पत्ता सांगितला आणि लगेच गुरुवार मिळाला.

हे औषध सुरू करायचं तर आदल्या दिवसापासून गोळी बंद ठेवावी लागते, त्यामुळे गुरुवारी गाडीत तो घामाने निथळत होता. मी बाबांची गोष्ट सांगितली तेव्हा तेवढा हसला. काउंटरवर लायसन्स मागितलं आणि मी कपाळावर हात मारला. आडनाव गिळता येतं, पण लायसन्सवर पत्ता छापलेला असतो. पत्ता जुळत नाही म्हणून अपॉइंटमेंट कॅन्सल. मी अर्धा तास भांडले, पण पालथ्या घड्यावर पाणी.

पार्किंगमध्ये मला रागाने रडू आलं. माझाच शहाणपणा नडला, असं मी त्याला सांगितलं.

"तुझ्या बाबांच्या खोलीचं पुढे काय झालं?" त्याने विचारलं.

"महिन्याभरात आडनाव कळलं. सामान बाहेर काढलं."

"मग?"

"मग दुसरी शोधली."

त्याने गाडीतला माझा फोन उचलून माझ्या हातात ठेवला.

"मग लाव दुसरीकडे. आणि पत्ता माझाच सांग. गोळीशिवाय संध्याकाळपर्यंतच दम आहे माझ्यात."