अल्मायराचा भुसा

आठ इंच.

"पंप ओढत का नाही? बघ आधी!" वरून कॅप्टन डनिंग ओरडले.

इव्हर हालस्टेनने तळातल्या पाण्यात हात घालून पंपाच्या तोंडावरची जाळी चाचपली आणि मूठभर लगदा काढला. भुसा. पाइनच्या लाकडाचा, पिवळा. त्याचाच.

तेवीस वर्षं तो 'अल्मायरा'वर इंजिनिअर. लाकडी बोट. आधी फळ्या वाहिल्या, मग मीठ, आता कोळसा. फटी वाढल्या तसा तो दर एप्रिलला लाकूड गिरणीतून दोन पोती भुसा आणून धक्क्याला बांधलेल्या बोटीच्या बुडाशी सोडायचा. आत शिरणारं पाणीच भुसा फटीत ओढून घ्यायचं, तो फुगून फट बुजायची. निरीक्षक कोरडा तळ बघून शिक्का मारायचा. सरोवरावरचे सगळेच जुने बोटवाले हे करत.

दोन फूट.

ह्युरॉन सरोवरावर नोव्हेंबरचा वारा. लाटेगणिक बोट पिळवटत होती, फटी भुसा आत ओकत होत्या.

"कॅप्टन, यंदा सहा पोती लागली."

"सहा? आणि मला आत्ता सांगतोस?"

"सांगितलं असतं तर तुम्ही बोट धक्क्यावरून काढली असतीत का?"

डनिंग जिन्यातच थांबले. "नसती," ते म्हणाले. "बेटाच्या आडोशाला पोचायला अर्धा तास लागेल. तेवढा पंप चालव. इथे जीवरक्षक होडी सोडली तर एकही जण वाचत नाही."

तीन फूट.

जाळी पुन्हा तुंबली. इव्हरने ती उपटून फेकली. स्वयंपाकीण मिसेस पेल्की जिन्यावरून वाकली.

"ही घे. बटाटे निथळायची चाळण. भोकं मोठी आहेत."

"बाई, तुम्ही वर जा."

"जाते. पण परत हवी मला. कोळसेवाल्यांच्या हाती दिलेलं कधी परत येत नाही."

त्याने चाळण तारेने पंपाच्या तोंडाला बांधली. पंप खोकला. मग ओढू लागला. इव्हर हनुवटीपर्यंत पाण्यात बसून हाताने भुसा बाजूला सारत राहिला.

पाच फूट.

बॉयलरची आग विझली, तेव्हा बेट डावीकडे होतं आणि लाटा बसल्या होत्या.

ऐंशी फूट.

होडीत नऊच्या नऊ जण होते. 'अल्मायरा' आधी मागून बसली, मग सरळ सरोवराच्या तळाला गेली. बऱ्याच वेळाने त्या जागी पिवळा भुसा वर आला आणि पसरत होडीपर्यंत पोचला. डनिंगनी तोंड फिरवलं.

"माझी चाळण?" मिसेस पेल्कीने विचारलं.

"पंपावरच राहिली."



"राहू दे," ती म्हणाली. "घट्ट बांधली होतीस ना?"

"हो," इव्हर म्हणाला, आणि भुशातून वल्हं ओढलं.