अठरा नंबरची बेल

जळगावहून सकाळच्या एसटीने धुळ्याला आलेल्या रूहीने तिसऱ्या मजल्यावरचं काम दुपारपर्यंत उरकत आणलं. खासगी हॉस्पिटलचा हा नवा वॉर्ड. प्रत्येक खाटेशी एक बटन; पेशंटने ते दाबलं की नर्सच्या टेबलावर बेल वाजायची. सगळ्या वायरी भिंतीवरच्या एका पेटीत येत होत्या. त्या पेटीत सेटिंगची फाईल चढवायची, एवढंच राहिलं होतं.

फाईल तिच्या कंपनीच्या तेजससरांनी पाठवली होती. "जळगावच्या हॉस्पिटलचीच आहे. टाक आणि नीघ," ते फोनवर म्हणाले.

तिने लॅपटॉप जोडून फाईल चढवली. पेटीवरचे दिवे हिरवे झाले. दाराजवळच्या खाटांची बटनं दाबून पाहिली, बेल वाजली. पलीकडच्या टोकाला जाणार तोच सिस्टर दिपमालांनी हटकलं, "तिकडे आत्ताच डोळा लागलाय सगळ्यांचा. चालतंय ना? मग झालं तर."

रूहीलाही ते सोयीचं वाटलं. ती खाली डबा खायला गेली.

चार्जर विसरला म्हणून परत वर आली, तर टोकाच्या अठरा नंबरच्या खाटेवर लाल दिवा लागलेला. पुष्पाबाई एका हाताने नवऱ्याची, सुपडूआबांची, पाठ चोळत होत्या आणि दुसऱ्याने बटन दाबत होत्या. आबांचे ओठ काळेनिळे पडले होते.

"कवयनी दाबी ऱ्हायनू, पोरी! कोनीच येत नही!"

टेबलावर मात्र सगळं शांत. रूही ओरडतच धावली. दिपमाला आल्या, डॉक्टर आले, ऑक्सिजन लावला आणि आबांना आयसीयूत हलवलं.

रूहीने फाईल उघडली. जळगावच्या वॉर्डात सोळा खाटा, फाईलमध्येही सोळाच. इथे वीस. शेवटच्या चार खाटा पेटीच्या लेखी नव्हत्याच.

"चार वाढव, परत चढव," तिने फोन लावल्यावर तेजससर म्हणाले. "आणि कुणी विचारलं तर वायर सैल होती म्हण."

तिने फाईल दुरुस्त करून चढवली. या वेळी झोपलेल्यांना उठवून एकेक बटन स्वतः दाबलं. शेवटची बेल वाजली आणि तिला खालचा वॉर्ड आठवला. दुसरा मजला सरांनी मागच्याच आठवड्यात केला होता. तिथेही वीस खाटा.

"सिस्टर, वायर सैल नव्हती," ती दिपमालांना म्हणाली. "फाईल चुकीची होती, आणि मी नीट तपासलं नाही. खालीही तीच असणार. चला माझ्याबरोबर."

खालच्या मजल्यावरही टोकाच्या चारही बेल मुक्याच निघाल्या. आठवडाभरात त्या कुणीकुणी दाबल्या असतील? दिपमालांचा चेहरा उतरला. त्यांनी मोठ्या डॉक्टरांना बोलावणं धाडलं, आणि रूहीने तिथेही फाईल बदलली.

आबांचा जीव वाचवला म्हणून आयसीयूबाहेर पुष्पाबाईंनी तिचा हात धरला. "तू उनी म्हणीसन त्या वाचनात."

"आक्का, बेल वाजली नाही ती माझ्यामुळे." रूहीने सगळं सांगून टाकलं.

पुष्पाबाईंनी ऐकून घेतलं आणि हळूच हात सोडवून घेतला.

"मी इथे बसू?"

"बस. पन बोलू नको."

संध्याकाळी आबांनी डोळे उघडले, पण बायकोला ओळखलं नाही. उद्या बघू, असं डॉक्टर म्हणाले. पुष्पाबाई काचेपाशी जाऊन उभ्या राहिल्या. तेजससरांचे फोनवर फोन येत होते. रूहीने फोन बंद केला आणि बाकावर बसून राहिली.