फक्त विरजण

आमच्या घरात सगळं दुधावर चालतं. पापाजी गोठ्यात गायींच्या धारा काढतात, मी पलीकडच्या कारखान्यात त्याच दुधाचं चीज करतो, आणि मोठ्या बहिणीचं नाव नवनीत. पो नदीच्या ह्या सपाटीवर गायी इटालियन, धारा काढणारे पंजाबी आणि धुकं दोघांत सामाईक. लोक विचारतात, तेगबीर, तुला कंटाळा येत नाही का? येतो. पण चीज पिकायला दीड-दोन वर्षं लागतात, त्यामुळे कंटाळ्याची घाई नसते.

नवनीतदीदीचं लग्न ओल्यो नदीपलीकडच्या इशमीतशी ठरलं. म्हणजे ते दोघांनी आधीच ठरवलेलं होतं, फक्त मोठ्यांना ते आपण ठरवलं असं वाटायला हवं होतं. आमच्या आत्याच्या यजमानांना हे स्थळ आपणहून सुचावं म्हणून इशमीत महिनोन्‌महिने त्यांच्या गॅरेजमध्ये गाडीचं तेल बदलायला जायचा. त्या गाडीचं तेल शेवटी इतकं स्वच्छ झालं होतं की त्यात भजी तळता आली असती. एके दिवशी यजमानांच्या डोक्यात प्रकाश पडला आणि ते पापाजींना म्हणाले, "बलकारसिंगजी, एक मुलगा आहे नजरेत." दीदीने लाजून मान खाली घातली. ती हसू दाबत होती. पळून जायला एवढी मेहनत लागली नसती.

राहता राहिली इशमीतची आजी, बेबे. अमृत छकलेली, म्हणजे खालशाची दीक्षा घेतलेली, ऐंशीच्या घरातली, जन्मात मांस-मच्छी-अंड्याला न शिवलेली बाई. त्यांच्या स्वयंपाकघरात पाहुण्यांनी आणलेला केक आधी बेबेच्या नाकापुढून जायचा. अंड्याचा वास आला की केक परत आणि पाहुणेही जवळजवळ परत. बेबेचं म्हणणं एकच होतं, सून शुद्ध शाकाहारी घरातली हवी. आम्ही शाकाहारी होतोच, त्यामुळे कोणाला काळजी नव्हती.

रोक्याच्या, म्हणजे लग्न पक्कं करायच्या दिवशी पापाजींनी चीजचं एक अख्खं चाक न्यायचं ठरवलं. मालकाने त्यांना ते वीस वर्षांच्या चाकरीबद्दल भेट दिलं होतं. कष्टांचं चीज झालं असं लोक नुसतं म्हणतात, पापाजींचं दोघांनी धरून उचलावं लागलं. मम्मीने त्याला लाल चुन्नी गुंडाळली. इशमीतच्या दिवाणखान्यात ते मधोमध ठेवल्यावर दीदीपेक्षा तेच जास्त नवरीसारखं दिसत होतं, आणि फोटोही त्याचेच जास्त निघाले.

बेबेने एक तुकडा तोंडात टाकला. डोळे मिटले. बराच वेळ उघडले नाहीत तेव्हा इशमीतची आई पाणी आणायला उठली. मग बेबे म्हणाली, "ह्यात घालता काय?"

पापाजी अभिमानाने म्हणाले, "दूध आमच्या गायींचं. पुढचं ह्याला विचारा. आतली सगळी कामं हाच करतो."

सगळी खोली माझ्याकडे वळली. दीदी माझ्याकडे अशी बघत होती जशी ती लहानपणी मी तिचं गुपित सांगायच्या बेतात असताना बघायची. कारण तिला माहीत होतं. मी नोकरीला लागलो त्याच आठवड्यात घरी येऊन तिला सांगितलं होतं, आणि त्या दिवसापासून आम्ही दोघंही घरात चीज खाताना जरा हळू चावायचो. पापाजींना मात्र कधी सांगितलं नाही. ते रोज सकाळी पोळीबरोबर खातात.

तर प्रश्न असा होता की ह्यात घालता काय. दुधात आधी कालच्या निवळीचं विरजण घालतात. ते झालं की दुसरी एक गोष्ट घालतात, तिच्यामुळे दूध खरवसासारखं घट्ट धरतं. ती गोष्ट येते दूधपित्या वासराच्या पोटातून, आणि ती काढताना वासरू हयात नसतं.

"विरजण, बेबे," मी म्हणालो.

"फक्त विरजण?"

"फक्त विरजण."

पहिल्या वेळी मी अर्धं खरं सांगितलं होतं. 'फक्त' मात्र माझं स्वतःचं होतं.

बेबेने माझ्या डोक्यावर हात ठेवला. "ज्या घरात दुधाचं असं सोनं होतं त्या घरातली मुलगी मी डोळे मिटून घेते," ती म्हणाली. टाळ्या झाल्या. दीदीने लाजून मान खाली घातली, आणि ह्या वेळी ती खरंच खाली गेली.

परत येताना गाडीत मी तिला हळूच म्हणालो, "दीदी, सांगायला हवं होतं."

"लावांचे फेरे होईपर्यंत तोंड बंद ठेव."

"आणि नंतर?"

"नंतरही. तुला तोंड लागतं कशाला? गायींशीच बोलायचं असतं ना?"

"गायींशी पापाजी बोलतात. मी भांड्याशी बोलतो."

"मग भांड्याला सांग."

मला वाटलं होतं, बेबे तो तुकडा खाईल आणि विषय मिटेल. पण बेबेला त्याचं वेड लागलं. ती चीज सरसों दा सागवर किसायची, पराठ्यात भरायची, चहाबरोबर चघळायची. रोज सकाळी पाठ आटोपला की मला फोन करायची. "जीता रह पुत्तर, तुझ्या हातांना पुण्य लागो." मी त्या वेळी नेमका भांड्यापाशी उभा असायचो आणि माझ्या हातांना जे लागलेलं असायचं ते पुण्य नव्हतं. आमचा म्होरक्या रेन्झो विचारायचा, "काय रे, रोज सकाळी कोणाचा फोन? प्रेयसी का?" मी म्हणायचो, "हो. ऐंशीची आहे." तो मानेने मला दाद द्यायचा.

मग कळलं की बेबेने एक मोठा तुकडा गुरुद्वाऱ्यात लंगरला नेला. डाळीवर भुरभुरला. जेवायला जमलेल्या सगळ्या संगतीने बोटं चाटली. त्या दिवसापासून मला जेवण जाईना. आत्तापर्यंत मी एका बाईचा गुन्हेगार होतो, आता अख्ख्या जिल्ह्याचा झालो होतो.

पण कडेलोट व्हायचा होता तो पुढच्या फोनवर झाला. बेबे म्हणाली, "तेगी, आता घशाखाली दुसरं काही उतरत नाही बघ. मी इशमीतला सांगून ठेवलंय, माझी शेवटची वेळ आली की तोंडात दोन थेंब अमृताचे आणि एक कण तुझ्या चीजचा."

मी म्हणालो, "बेबे, तुम्हाला काही होत नाही."

"होईल रे, घाई नाही. पण कण मोठा ठेव म्हणावं."

मी रेन्झोला विचारलं, वासराशिवाय होतं का हे? तो म्हणाला, त्याची आजी अंजिराच्या चिकाने दूध धरायची. मी रेन्झोच्याच परसातल्या अंजिराचा चीक आणला आणि घरी पातेल्यात दूध लावलं. जे तयार झालं ते पापाजींनी चाखलं, बराच वेळ विचार केला आणि विचारलं, "हे अंगाला लावायचं की कपड्यांना?"

तेव्हा मी इशमीतला भेटलो आणि सगळं सांगितलं. तो पांढरा पडला.

"म्हणजे बेबे... अरे देवा. आणि मी? मी तर दर शनिवारी पिझ्झा खातो. त्यावर ते किसलेलं असतं. मी शाकाहारी आहे तेगी."

"कालपर्यंत होतात, जीजाजी."

त्याला आजीपेक्षा स्वतःचंच जास्त वाईट वाटत होतं. पण गडी मदतीला तयार झाला. बेत साधा होता. रविवारी सगळे गुरुद्वाऱ्यात गेले की आम्ही उरलेलं चीज उचलायचं आणि सांगायचं, कीड लागली, फेकून दिलं. बेबे रडेल, पण शुद्ध रडेल.

रविवारी सगळे गेले. फडताळात चाक निम्मं उरलं होतं. पूर्ण चाक निदान गडगडत नेता येतं. अर्धं चाक गडगडत नाही, ते फक्त एकदाच पडतं आणि आपल्या पायावर पडतं. इशमीत ओरडला. मी त्याच्या तोंडावर हात ठेवला. तेवढ्यात परसदारातून आवाज आला, "गुडघ्याने आज दगा दिला, म्हणून मी घरीच आहे. चोर असाल तर आवाज कमी करा, माझा पाठ चाललाय."

बेबे परसात खुर्ची टाकून लसूण सोलत बसली होती. इशमीत लंगडत दाराआड गेला आणि तिथेच राहिला. मी तिच्यापुढे जाऊन बसलो. तिने सवयीने माझ्या डोक्यावर हात ठेवायला उचलला आणि मी डोकं मागे घेतलं. हात हवेत राहिला.

"काय झालं?"

"बेबे, विरजणानंतर आम्ही आणखी एक गोष्ट घालतो."

"कोणती?"

"वासराच्या पोटातली."

"दूध?"

"दूध नाही. पोटच, बेबे."

ती लसणाकडे बघत राहिली. एक पाकळी तिने सोलली, मग तीच परत सोलू लागली.

"वासरू जिवंत असतं का रे तेव्हा?"

"नाही."

मला वाटलं होतं ती ओरडेल, चुळा भरेल, मला लसूण फेकून मारेल. मारला असता तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "मी ते लंगरला नेलं होतं."

"हो."

"सगळ्यांनी खाल्लं. गुरुद्वाऱ्याच्या ग्यानीजींनीसुद्धा दोनदा मागून घेतलं."

"हो बेबे."

"म्हणजे मी आता हे सांगितलं तर ते त्या सगळ्यांच्या घशात अडकणार. आणि नाही सांगितलं तर एकटीच्या माझ्या." तिने माझ्याकडे बघितलं. "तुला आता हलकं वाटतंय का?"

मी खोटं बोलणार नाही असं ठरवून आलो होतो. "थोडं," मी म्हणालो.

"वाटणारच. एवढं वजन उचलून माझ्या मांडीवर ठेवलंस."

मला वाटलं होतं अपराधीपणा सांगितला की संपतो. तो संपत नाही, त्याचं फक्त घर बदलतं, आणि ज्या घरी आपण तो सोडून येतो तिथल्या म्हातारीचे गुडघे दुखत असतात. हे मला आधी सुचलं असतं तर मी अर्धं चाक घेऊन गुपचूप पळालो असतो.

"आणि लग्न?" मी विचारलं.

बेबेने हातातली पाकळी खाली ठेवली. "नवनीतला माहीत होतं?"

ह्या एका उत्तरावर सगळं टांगलेलं होतं. हो म्हटलं तर दीदी खोटारडी सून. इतके महिने वाट बघून, इतकं तेल बदलून, एका शब्दात संपलं असतं.

"नाही," मी म्हणालो.

बेबे माझ्याकडे बघत राहिली. केक हुंगताना बघते तशी.

"फक्त विरजण?" तिने विचारलं.

"फक्त विरजण, बेबे."

तिने मान हलवली, लसणाचं ताट माझ्याकडे सरकवलं आणि म्हणाली, "सोल."

उरलेलं चीज इशमीतने बागेत पुरलं. शेजारच्या कुत्र्याने ते उकरलं आणि आठवडाभर त्या कुत्र्याइतकं सुखी कोणी नव्हतं. बेबेने कोणाला काही सांगितलं नाही. पाच प्याऱ्यांपुढे, म्हणजे अमृत देणाऱ्या पाच जणांपुढे, उभं राहून चूक कबूल करता आली असती, पण तिथे चूक काय तेही सांगावं लागतं. म्हणून शिक्षा तिने आपली आपणच ठरवली. दर रविवारी ती गुरुद्वाऱ्याच्या जोडेघरात बसून संगतीचे जोडे पुसते. मी तिच्या शेजारी बसतो. मला कोणी बोलावलं नव्हतं, पण पहिल्याच रविवारी तिने माझ्यासाठी वेगळं फडकं आणलं होतं.

लोक तिच्या पाया पडतात. ह्या वयात एवढी सेवा, म्हणतात. बेबेला ते सगळ्यात जास्त लागतं. प्रत्येक नमस्काराला तिचा हात क्षणभर थांबतो आणि मग ती तोच जोडा आणखी जोरात घासते.

लावांच्या दिवशीही आम्ही तिथेच होतो. आतून चौथ्या फेऱ्याच्या पाठाचा आवाज येत होता. बेबे आत जाऊन आशीर्वाद देऊन आली होती. दीदी तिच्या पायाशी वाकली तेव्हा बेबेने तिची हनुवटी वर केली, चेहरा नीट बघितला आणि काहीच विचारलं नाही. दीदीचे डोळे भरून आले. सगळ्यांना वाटलं, माहेर सुटतंय म्हणून.

मी पापाजींचे बूट घेऊन बसलो होतो. गोठ्याचा वास त्यांना कायमचा आहे. "हे आमच्या पापाजींचे, बेबे," मी म्हणालो, "मी करतो."

"त्याला माहीत आहे?"

"नाही. रोज सकाळी खातात."

"खाऊ दे," ती म्हणाली आणि बूट माझ्याकडून ओढून घेतले.

एवढ्यात इशमीतची चुलती जोडे ठेवायला आली. "बेबेजी, ते चीज संपलं वाटतं? लंगरला काय चव आली होती हो. सुनेच्या माहेरून परत मागवा की. त्यात घालतात तरी काय?"

मी फडक्याकडे बघत राहिलो. बेबेने पापाजींचा बूट उलटा केला, तळव्याला चिकटलेली वाळकी वैरण नखाने काढली.

"विरजण," ती म्हणाली.

"बस?"

बेबेने माझ्याकडे बघितलं नाही. "बस," ती म्हणाली आणि दुसऱ्या बुटासाठी हात पुढे केला.