कप्तानाच्या नावाखाली लोपो

माझे वडील ब्राश लिस्बनमध्ये राजासाठी दगडी खांब घडवत. जहाजं नव्या किनाऱ्याला लागली की तिथं असा एक खांब रोवायचा. माथ्यावर क्रूस, खाली राजचिन्ह आणि त्याखाली राजाचं व कप्तानाचं नाव. बाबांना वाचता येत नसे. कारकून कोळशानं अक्षरं काढून जाई, बाबा ती जशीच्या तशी कोरत.

माझा नवरा लोपो मागच्या सफरीत गेला. बाकीचे मिरी, हस्तिदंत आणि साखळीतली माणसं घेऊन परतले. शहरभर घंटा वाजल्या. आता आम्ही जगाचे धनी म्हणे! लोपो कसा मेला ते एका खलाशानं खाली मान घालून सांगितलं. कप्तानानं एक गाव जाळायला माणसं उतरवली, स्वतः जहाजावर बसून राहिला. गावकऱ्यांनी लोपोला भाला घातला. त्यांना शिव्या द्यायला माझी जीभ वळली नाही. माझं घर पेटवायला कोणी आलं असतं, तर मीही हाताला येईल ते हाणलं असतं. लोपोचं प्रेत जहाजावरून समुद्रात टाकलं. थडगं नाही, काही नाही.

आणि त्याच किनाऱ्यावर रोवायचा, त्याच कप्तानाच्या नावाचा खांब आता आमच्या अंगणात आडवा पडला होता.

मला त्यावर लोपोचं नाव हवं होतं. बाबांनी कारकून बाल्ताझारला हात जोडून विचारलं. माणूस वाईट नव्हता. म्हणाला, बुंधा हातभर जमिनीत जातो, तिथं कोर, कोणाला दिसणार नाही. कागदावर नावही लिहून दिलं. बाबांचे डोळे भरून आले. माझं मात्र डोकं फिरलं. एकदा पाण्यात बुडवलेला माणूस आता राजाच्या पायाखाली पुरायचा?

रविवारी बाबा चर्चमध्ये गेले तेव्हा मी छिन्नी घेतली. पाथरवटाची पोर मी, हातोडा काही नवा नव्हता. कारकुनाचा कागद समोर ठेवून कप्तानाच्या नावाखाली, त्याच उंचीच्या अक्षरांत, मी लोपोला कोरलं.

दुपारी बाबा परतले, त्यांच्या मागोमाग बाल्ताझार बैलगाडी घेऊन आला. जहाज संध्याकाळी सुटणार होतं. खांब पाहून त्याचा चेहरा उतरला.

"ब्राश, हे काढून टाक. कप्तानानं पाहिलं तर तुझे हात तोडतील."

"काढा की," मी म्हणाले. "बोटभर खोल आहे. अख्खी बाजू तासावी लागेल. मग कप्तानाचं नावही जाईल."

"वर काय लिहिलंय ते तरी कळतं का तुला?"

"कप्तानानं ही भूमी शोधली, असंच ना? तिथं माणसं राहत होती, साहेब. नाहीतर माझा नवरा कोणी मारला?"

तो बाबांकडे वळला. छिन्नी उचलून त्यानं बाबांच्या हातात दिली. खड्डा पडला तरी चालेल, म्हणाला, नाव दिसता कामा नये.

बाबांनी आयुष्यात राजाच्या माणसाला कधी नाही म्हटलं नव्हतं. ते गुडघ्यावर बसले. अक्षरांवरून बोट फिरवत राहिले. मी तोंड फिरवलं.

"पोरीचा हात कच्चा आहे," बाबा म्हणाले. "शेवटचं अक्षर उथळ राहिलंय."

त्यांनी छिन्नी त्या अक्षरात टेकवली आणि ते आणखी खोल कोरायला लागले.